तारीखबाई आणि एकेचाळीस बंद बटणं

तारीखबाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं ऑफिसात सगळे म्हणत, आणि ते खोटं होतं. शेंड्यावर असता तर एखाद्या शिंकेसरशी उडून तरी गेला असता. बाईंचा राग पोटात खोल मुरलेला होता आणि एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यातला थेंबही वाया गेला नव्हता. लिफ्ट बंद पडली की त्या चिडायच्या. ग्राहकाशी बोलताना कोणी जांभई दिली की चिडायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, तीन वर्षं राहिलीत, तेवढी तरी गोडीगुलाबीने काढ," तर त्या त्याच्यावरही चिडायच्या, आणि मग त्याचा डबा मात्र न विसरता भरायच्या.

कंपनीचा धंदा साधा होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ती गळ्यात घालायचं एक बटण देत असे. पाय घसरला, छातीत कळ आली, काहीही झालं की बटण दाबायचं. बटणातूनच आवाज यायचा, "बोला, काय झालं?" आणि मग कंपनी शेजाऱ्याला, मुलाला, अँब्युलन्सला, ज्याची गरज असेल त्याला धाडायची. याचे पैसे दर महिन्याला ग्राहकाच्या बँकेच्या कार्डातून परस्पर कापले जात. गोम होती ती इथेच. प्रत्येक कार्डावर एक तारीख छापलेली असते. ती उलटली की ते कार्ड मेलं. बँक नवं कार्ड घरी पाठवते, ते टेबलाच्या खणात जाऊन पडतं, आणि कंपनीकडे राहतो जुन्या कार्डाचाच नंबर. मग महिना भरला की पैसे येत नाहीत, आणि पैसे आले नाहीत की बटण बंद.

असं होऊ नये म्हणून कंपनीने बाईंना ठेवलं होतं. त्यांच्याकडे पत्र्याचा एक लांबट डबा होता. त्यात बारा महिन्यांचे बारा कप्पे आणि कप्प्याकप्प्यात चिठ्ठ्या. चिठ्ठीवर कार्डाचा नंबर कधीच नसे. नंबर लिहून ठेवणाऱ्याचे हात कलम करावेत, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. चिठ्ठीवर असायचं ग्राहकाचं नाव, कार्ड कुठल्या महिन्यात संपतं ते, आणि त्या माणसाशी बोलायचं कसं ते. "दहाच्या आत फोन नको." "डाव्या कानाने ऐकू येतं, तो लावायला सांगावा." "आधी गुडघ्याची चौकशी, मग कार्ड." कार्ड संपायच्या दीड महिना आधी बाईंचा फोन जायचा. गुडघ्याची, मोतीबिंदूची, सुनेची चौकशी व्हायची. एकदा एका आजोबांनी विचारलं होतं, "काय हो, कार्डाला पण आमच्यासारखं वय असतं का?" "असतं," बाई म्हणाल्या होत्या, "पण त्याला दर चार वर्षांनी नवं अंग मिळतं. तुम्हाआम्हाला कुठे?" मग ग्राहकाने फोनवरचे आकडे एकेक करून दाबायचे. बाईंना ऐकू यायचा नुसता टुक टुक आवाज. कोणी भाबडेपणाने आकडे बोलून दाखवायला लागलं की त्या फोनमध्ये ओरडायच्या, "सांगू नका! दाबा! मी चोर असते म्हणजे?" म्हाताऱ्यांना त्यांचं हे ओरडणं फार आवडायचं.

एकवीस वर्षांत बाईंच्या यादीतलं एकही बटण तारखेपायी बंद पडलं नव्हतं.

मग नवे साहेब आले. त्यांचं नाव पंधरा दिवसांत आपोआपसाहेब पडलं, कारण त्यांच्या दर वाक्यात 'आपोआप' असायचं. ते बाईंच्या टेबलापाशी आले, डब्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बाई, आता बँकाच आपल्याला नव्या कार्डाची माहिती कळवणार. नंबर बदलला, तारीख बदलली, सगळं आपोआप."

"सगळ्या बँका?"

"जवळजवळ सगळ्या."

"आणि ज्या जवळजवळमध्ये बसत नाहीत त्या?"

"त्यांच्या ग्राहकांना आपोआप ई-मेल जाईल. एक सोडून तीन."

बाई म्हणाल्या की त्या ग्राहकांचे ई-मेल त्यांच्या मुलांनी कधीकाळी उघडून दिले आहेत आणि ते उघडून बघायचे असतात हे कोणी त्यांना सांगितलेलं नाही. साहेबांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईत होते. त्याच आठवड्यात डब्यातल्या चिठ्ठ्या कागद फाडायच्या यंत्रात गेल्या आणि बाईंना अहवालांच्या टेबलावर बसवलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी बाईंनी दातओठ खात दिवस काढले असते. पण साहेबांना सगळ्या ग्राहकांना एक पत्र पाठवायचं होतं. बाजारात चोरांचा सुळसुळाट झाला होता, फोन करून कार्डाची माहिती काढून घेत होते. साहेब म्हणाले, "तुमच्या शब्दावर त्यांचा विश्वास आहे, पत्र तुम्हीच लिहा." आणि बाई फसल्या. खुशामतीला त्या कधी भुलल्या नव्हत्या, पण विश्वास हा शब्द ऐकून भुलल्या. त्यांनी पोटतिडकीने लिहिलं: यापुढे कार्डाबद्दल आमच्याकडून कोणीही फोन करणार नाही. मीसुद्धा करणार नाही. केलाच कोणी, तर तो चोर समजा, फोन आपटा आणि खुशाल शिव्या द्या. खाली स्वतःची सही केली. पत्र छान उतरलं होतं. म्हाताऱ्यांनी ते जपून ठेवलं.

तीन महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, साहेबांनी बाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला. "अहवालात घाला. बघा, एवढ्या मोठ्या बदलात फक्त एकेचाळीस."

कागदावर मथळा होता, 'सेवा सोडून गेलेले ग्राहक'. खाली एकेचाळीस नावं, पत्ते आणि फोन. शेवटच्या रकान्यात प्रत्येकापुढे एकच कारण, 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही'. बाईंनी पहिलं नाव वाचलं. दहाच्या आत फोन नको. दुसरं वाचलं. डावा कान. सहाव्या नावाशी त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. ही माणसं कुठेही सोडून गेली नव्हती. आपापल्या घरात, गळ्यात बटण घालून बसली होती. त्यांच्या छोट्या बँका साहेबांच्या 'जवळजवळ'मध्ये बसत नव्हत्या, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्या तशाच उठून कंट्रोलच्या खोलीत गेल्या. तिथे बटणांना उत्तर देणारे दादा बसायचे, भला माणूस.

"दादा, बंद बटण कोणी दाबलं तर तुम्हाला कळतं का?"

"नाही हो. इथवर काही पोचतच नाही."

"आणि दाबणाऱ्याला कळतं का, की बंद आहे?"

दादा खुर्चीत चुळबुळले. "त्यावरचा हिरवा दिवा चालूच राहतो. तो नुसता बॅटरीचा."

"मग चालू करा एकेचाळीसही. आत्ता."

"माझ्या हातात असतं तर केव्हाच केलं असतं, ताई. कार्ड चालल्याशिवाय यंत्रणा उघडतच नाही."

बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय घ्यायचे नसतात. आपण त्यांना चौथा ई-मेल पाठवू."

"चौथा? अहो, पहिले तीन कोणी उघडले नाहीत, तर चौथ्याला काय शिंगं फुटलीत?"

"बाई, आवाज."

"आवाज माझा चढलाय तो दिसतो तुम्हाला. तिकडे एकेचाळीस जणांचा आवाज तुम्ही बंद केलाय, तो कोणाला ऐकू येणार?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. त्यांची मीटिंग होती.

बाईंनी टेबलावर येऊन फोन उचलला. कोणाची परवानगी घेतली नाही. पहिला फोन लागला, "नमस्कार, मी तुमच्या बटणाच्या कंपनीतून..." एवढं बोलल्या आणि तिकडून आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्याने आपटण्याआधी शिवी दिली. तिसरे आजोबा शांतपणे म्हणाले, "हे बघ बाई, आमच्या कंपनीतल्या बाईंनी मला लेखी कळवलंय की त्या फोन करणार नाहीत. तू आवाज चांगला काढतेस, पण लाज बाळग." आणि त्यांनीही ठेवला. बाई रिसीव्हरकडे बघत राहिल्या. त्यांनी शिकवलेलं या माणसांनी शब्दन् शब्द पाळलं होतं. त्या क्षणी त्यांना साहेबांचा जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला. कोणी सांगितलं होतं एवढं झकास पत्र लिहायला?

दुपारपर्यंत त्यांनी सव्वीस फोन केले. आठ जणांचा फोन वाजून वाजून थांबला. दोघांची मुलं भेटली, "रविवारी बघतो," म्हणाली. एकेचाळीसांतलं एकही बटण चालू झालं नाही. बाईंनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली, ग्राहकांचा कागद बाहेर न्यायचा नाही हा नियम पायदळी तुडवला आणि जेवणाच्या सुटीच्या नावाखाली बाहेर पडल्या.

सगळ्यात जवळचा पत्ता शिवणकाकूंचा होता. या काकूंनी पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. आता वय एक्क्याऐंशी, गुडघे दोन्ही गेलेले, घर चौथ्या मजल्यावर. यादीप्रमाणे त्यांचं बटण शनिवारीच बंद झालं होतं. बाई जिने चढून दारापर्यंत पोचल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. घंटा वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला आणि बाईंच्या जिवात जीव आला.

"काकू, मी. बटणाच्या कंपनीतली. तारखेची बाई."

"ती येत नाही कधी. ती फोन करते. आणि आता तोही करणार नाही, तिचं पत्र आहे माझ्याकडे. चालती हो."

"काकू, अहो, मीच ती. गुडघे कसे आहेत?"

"चोरांना गुडघ्यांची पण माहिती असते आजकाल. जातेस का दाबू बटण?"

"दाबा," बाई म्हणाल्या.

मग काकू म्हणाल्या, "दाबलं. आता बघ, आत्ता बोलतील ते."

"बोलू द्या. थांबते मी."

दाराच्या अलीकडे बाई आणि पलीकडे काकू, दोघी थांबल्या. खालच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज वर येत होता. दुसरा आवाज नव्हता.

"कामात असतील," काकू म्हणाल्या.

"परत दाबा."

"दाबलं."

पुन्हा तेच. मग साखळी काढल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, अंगठा अजून बटणावरच. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"शनिवारपासून."

काकूंनी बोटांवर मोजलं. "सहा दिवस मी याच्या भरवशावर आंघोळ केली. सहा दिवस! नाहीतर मी मुलगी येईपर्यंत तशीच राहते, पारोशी. तुम्ही मेल्यांनी मला सांगितलं का नाही?"

"ई-मेल केला होता म्हणे."

"तो काय असतो ते मला सांग आधी!"

त्यांनी काकूंना खुर्चीवर बसवलं, खणातलं नवं कार्ड काढायला लावलं आणि काकूंच्याच फोनवरून कंपनीच्या पैसे भरायच्या नंबरला फोन लावून दिला. आणि बाईंना पहिल्यांदा कळलं की त्यांच्या जागी कंपनीने काय बसवलंय. मशीन गोड आवाजात म्हणालं, आकडे दाबा. बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कारण दुसऱ्याचा कार्ड नंबर बघायचा नाही तो नाहीच. काकूंनी चष्मा सारखा केला, एक आकडा दाबला, कार्डाकडे बघितलं, दुसरा दाबला. सहाव्या आकड्याला मशीन म्हणालं, "आपण दिलेली वेळ संपली आहे. धन्यवाद." आणि बंद.

"धन्यवाद काय, माझ्या म्हातारपणाचे?" काकू कडाडल्या.

दुसऱ्या वेळी बाराव्या आकड्याला वेळ संपली. तिसऱ्या वेळी काकूंनी आधी बोटं चोळून घेतली, बाईंनी भिंतीकडे बघत मनातल्या मनात यंत्रणेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि सोळा आकडे बसले. पाच मिनिटांनी काकूंनी बटण दाबलं. दादांचा आवाज आला, "बोला काकू, काय झालं?"

"काय झालं? सहा दिवसांनी विचारतोस काय झालं?" काकूंनी दादांना अशी काही फैलावर घेतली की बाईंना त्या गरीब माणसाची दया आली. मग काकू बाईंकडे वळल्या. "बस. चहा टाकते. आणि काय गं, माझ्यासारखी अजून किती जण आहेत?"

"चाळीस."

काकू उठता उठता थांबल्या. "मग बसतेस काय इथे माझं तोंड बघत? ऊठ! जा!"

बाईंना एवढं हक्काने बऱ्याच दिवसांत कोणी हाकललं नव्हतं. त्या दोन दोन पायऱ्या करत उतरल्या.

दुसरा पत्ता घड्याळजींचा होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. फोनवर कमी बोलायचे, पण आकडे दाबताना त्यांचा टुक टुक आवाज इतका नेटका यायचा की बाईंना ऐकत राहावंसं वाटे. सकाळी ज्या आठ जणांचे फोन वाजत राहिले, त्यांत यांचा एक होता. तळमजल्यावरचं घर, दार अर्धवट उघडं. आत भिंतभर घड्याळं, सगळी एका ठोक्यात चालू. एक चाळिशीची बाई पलंगावर सदरे घडी करून पिशवीत भरत होती.

"घड्याळजी आहेत का?"

"हॉस्पिटलात आहेत. मी मुलगी त्यांची. तुम्ही?"

खोटं बोलायला हीच वेळ होती, आणि सोपं होतं. "मी बटणाच्या कंपनीतून आले," त्या म्हणाल्या.

मुलीने हातातला सदरा खाली ठेवला. आवाज न चढवता ती म्हणाली, "मंगळवारी सकाळी पडले. मी आले बुधवारी दुपारी. दीड दिवस इथे, याच फरशीवर होते. कंबरेचं हाड मोडलंय. डॉक्टर मला विचारतात, यांच्या अंगठ्याला एवढी सूज कशाने आली? बटण दाबून दाबून आली. हिरवा दिवा दिसत होता म्हणून थांबले नाहीत ते. घड्याळवाला माणूस, समोर भिंतीवर घड्याळं. कितीला काय केलं, सगळं मिनिटासकट सांगतात मला, दुसरं काही बोलतच नाहीत." ती बाईंच्या अगदी जवळ आली. "तुम्ही कोणी बोलला का नाही?"

"बटण बंद केलं होतं."

"का?"

"त्यांच्या कार्डावरची तारीख उलटली होती."

"म्हणून?"

"म्हणून," बाई म्हणाल्या. दुःखाला अजून वेळ होता. आत्ता त्यांना नुसता संताप हवा होता, एकेचाळीस जणांना पुरेल इतका.

पर्समधला फोन वाजला. साहेब होते.

"बाई, कुठे आहात तुम्ही? अडीच वाजले. ग्राहकांची यादी बाहेर नेलीत म्हणे. ग्राहकाच्या घरी जायचं नाही हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हे का केलंत, याचं कारण मला आजच्या आज लेखी हवंय."

"लेखी कशाला, साहेब?" बाई म्हणाल्या. "तोंडीच ऐका." आणि त्यांनी फोन मुलीपुढे धरला. "आमचे साहेब आहेत. बटण का बंद केलं ते यांना माहीत आहे. पुढे काय झालं ते माहीत नाही. तुम्हीच सांगा."

मुलीने क्षणभर बाईंकडे पाहिलं. मग हात पदराला पुसून तिने फोन घेतला आणि कानाला लावला.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी पहिल्यांदा बटण दाबलं सात वाजून दहा मिनिटांनी. दुसऱ्यांदा, सात अकराला. तिसऱ्यांदा, सात बाराला. नाही, ठेवायचा नाही फोन. मी अजून मंगळवारच्या सकाळीच आहे."